ब्राटवुर्स्टमधलं ‘ब्राट’

जर्मन शिकायला लागलं की दोन-तीन महिन्यांतच शब्द फोडायची चटक लागते. भाषाच तशी आहे. दोन, तीन, कधी चार नामं एकमेकांना चिकटवायची, मध्ये जागा सोडायची नाही, आणि शेवटी जे पद येईल ती वस्तू समजायची. कार्टोफेल म्हणजे बटाटा, झालाट म्हणजे सॅलड, म्हणून कार्टोफेलझालाट म्हणजे बटाट्याचं सॅलड. आप्फेल म्हणजे सफरचंद, कूखन म्हणजे केक, म्हणून आप्फेलकूखन. शब्दकोश न उघडता अर्थ लागतो याचा आनंद मोठा असतो, आणि बहुतेक वेळा लागलेला अर्थ बरोबरही असतो.

म्हणूनच ‘ब्राटवुर्स्ट’ या शब्दापाशी कोणी थांबत नाही. ‘ब्राटन’ हे क्रियापद पहिल्याच पुस्तकात भेटलेलं असतं. भाजणं, परतणं, थोड्या तेलात तांबूस करणं, या सगळ्याला जर्मनमध्ये ते एकच क्रियापद चालतं. वुर्स्ट म्हणजे मसाला घातलेलं बारीक मांस आतड्यात भरून केलेला पदार्थ. आपल्याकडे त्याच्या जवळचा म्हणजे गोव्याचे चोरिस. तेव्हा ब्राटवुर्स्ट म्हणजे भाजलेलं सॉसेज. जर्मनीतल्या कुठल्याही बाजारचौकात, स्टेशनबाहेर, फुटबॉलच्या मैदानाशेजारी ते निखाऱ्यावरच्या जाळीवर डोळ्यांसमोर भाजलंही जात असतं. स्वतः जर्मन लोकांनाही त्यात शंका घेण्यासारखं काही वाटत नाही.

पण या शब्दातला ‘ब्राट’ भाजण्यातून आलेला नाही. तो मांसाचा वाचक आहे. ब्राटवुर्स्ट म्हणजे मुळात ‘ब्राटाची वुर्स्ट’, म्हणजे निवडक, हाडाविना, मऊ मांस बारीक करून भरलेली वुर्स्ट. ती भाजायची, उकडायची की धुरावर टांगायची याबद्दल शब्द काहीच सांगत नव्हता.

जर्मनचं सर्वांत जुनं लिखित रूप साधारण इसवी सन 750 ते 1050 या काळातलं आहे. त्याला जुनी उच्च जर्मन म्हणतात. त्या भाषेत ‘ब्राटो’ असं एक नाम होतं. अर्थ होता मऊ मांस, शरीराचा हाड नसलेला मांसल भाग. ‘ब्राटवुर्स्ट’ हा जोडशब्दही त्याच जुन्या भाषेत आढळतो. भाजणं या अर्थाचं ‘ब्राटन’ क्रियापद तेव्हाही होतं, पण त्याचं मूळ निराळं. दोन वेगळ्या मुळांचे हे शब्द कानाला जवळजवळ सारखे लागत होते, आणि पुढची सगळी गुंतागुंत त्यातून झाली.

मांसवाचक ‘ब्राट’चे वंशज आजही हयात आहेत, फक्त ते शोधायला खाटकाच्या दुकानात जावं लागतं. दक्षिण जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये वुर्स्ट भरण्याआधीच्या कच्च्या मिश्रणाला आजही ‘ब्रेट’ म्हणतात. लिहिताना त्यातल्या ‘a’ या अक्षराच्या डोक्यावर दोन टिंबं येतात. मांस आणि चरबी, मीठ आणि मसाला, आणि यंत्रात दळताना मांस तापू नये म्हणून बर्फाचा चुरा, असं सगळं घोटून जो फिकट गुलाबी, चिकट गोळा होतो तो ब्रेट. तो तसाच सुटाही विकत मिळतो. बवेरियातल्या बायका त्याचे लहान गोळे करून सूपमध्ये सोडतात आणि त्याला ब्रेटक्न्योडेल म्हणतात. त्या सूपमधल्या गोळ्यांना जाळीची झळही लागलेली नसते, तरी नावात ब्रेट असतो. गंमत अशी की ‘तो भाजतो’ हे वाक्यही जर्मनमध्ये ‘एर ब्रेट’ असंच, त्याच अक्षरांनी लिहिलं जातं. एका अक्षराचाही फरक नाही. तेव्हा माणसांचा गोंधळ झाला तर त्यांना दोष देता येत नाही.

दुसरा वंशज शिकाऱ्यांच्या भाषेत राहिला. हरणाच्या, रानडुकराच्या मांसाला जर्मनमध्ये ‘विल्टब्रेट’ म्हणतात. विल्ट म्हणजे रानटी, रानातलं. ब्रेट म्हणजे तेच जुनं मांस. तिसरा वंशज सरहद्द ओलांडून फार लांब गेला. फ्रांक लोकांच्या बोलीतून तो जुन्या फ्रेंचमध्ये शिरला, तिथे ‘ब्राओं’ झाला, म्हणजे शरीराचा मांसल भाग. तिथून इंग्रजीत जाऊन ‘ब्रॉन’ झाला. इंग्रजीत बुद्धी विरुद्ध बाहुबळ अशी जोडी सांगताना बाहुबळाला जो ब्रॉन शब्द वापरतात तो आणि ब्राटवुर्स्टमधला ब्राट हे एकाच घरातले आहेत.

आणि ज्याला सगळे डोळे झाकून क्रियापदापासून झालेला मानतात, तो रविवारच्या जेवणातला ‘ब्राटन’, म्हणजे ओव्हनमध्ये शिजवलेला मांसाचा मोठा तुकडा, तोही नाम म्हणून मुळात ‘ब्राटो’चाच मुलगा आहे. आधी अर्थ होता मांसाचा तुकडा. तो बहुधा भाजूनच खाल्ला जाई, म्हणून अर्थ सरकत सरकत भाजलेल्या मांसापर्यंत आला.

वुर्स्टच्या व्युत्पत्तीबद्दल अभ्यासकांत दोन मतं आहेत. एका मतानुसार तो मिसळणं, गुंतवणं या अर्थाच्या धातूपासून आला. दुसऱ्या मतानुसार वळणं, फिरवणं या अर्थाच्या धातूपासून. हे दुसरं मत खरं असेल तर वुर्स्ट हा संस्कृत ‘वृत्’ धातूचा, म्हणजे आपल्या ‘वर्तुळ’ आणि ‘वर्तन’ या शब्दांचा दूरचा नातलग ठरतो. आतडं भरून झाल्यावर ते पीळ देऊन वळतात, हे पाहिलं की या मताकडे मन झुकतं. पण मनाचं झुकणं हा व्युत्पत्तीतला पुरावा नव्हे, म्हणून ते तिथेच सोडतो.

आता मूळ प्रश्नाकडे. जोडशब्दात असा घोटाळा मुळात होतोच कसा? याचं उत्तर मराठी वाचकाला जर्मन माणसापेक्षा लवकर कळेल, कारण आपण ते शाळेत शिकलो आहोत. पुरणपोळी हा कोणता समास? मध्यमपदलोपी. विग्रह काय? पुरण घालून केलेली पोळी. कांदेपोहे म्हणजे कांदे घालून केलेले पोहे, साखरभात म्हणजे साखर घालून केलेला भात. व्याकरणाच्या पुस्तकात या समासाची उदाहरणं स्वयंपाकघरातूनच येतात हा योगायोग नाही. पदार्थाच्या नावात दोनच गोष्टी उच्चारल्या जातात आणि त्यांच्यातला संबंध सांगणारी पदं गळून पडतात. ऐकणारा ती स्वतः भरतो. पुरण पोळीच्या आत असतं, साखर भातात विरघळलेली असते, हे शब्द सांगत नाही. आपण खाल्लेलं असतं म्हणून आपल्याला ठाऊक असतं.

जर्मन समासाची रीत अगदी हीच आहे. युरोपातल्या भाषापंडितांनी एकोणिसाव्या शतकात संस्कृत व्याकरण हाती घेतलं. ओटो ब्योटलिंक याने 1839-40 मध्ये बॉन इथे पाणिनीच्या सूत्रांची आवृत्ती छापली. तेव्हा आपल्याच भाषेतल्या जोडशब्दांना नावं देण्यासाठी त्यांना तयार पेटी सापडली. जर्मन व्याकरणाच्या पुस्तकांत आजही ‘बहुव्रीही’ आणि ‘द्वंद्व’ हे शब्द जसेच्या तसे छापतात. मला वाटतं, स्वयंपाकाच्या शब्दांसाठी त्यांना मध्यमपदलोपीची कल्पना सर्वांत उपयोगी पडली असती.

कारण मधलं पद गळालं की ते भरण्याचं काम प्रत्येक पिढीकडे नव्याने येतं. श्निट्झेलचं पाहा. श्निट्झेल म्हणजे कापून काढलेला पातळ तुकडा. काल्ब्सश्निट्झेल म्हणजे वासराच्या मांसाचं श्निट्झेल. किंडरश्निट्झेल म्हणजे मुलांचं, पण मुलांसाठीचं, लहान आकाराचं. रचना तीच, संबंध वेगळा, आणि तो फरक सांगणारं एक अक्षरही शब्दात नाही. येगरश्निट्झेल म्हणजे शिकाऱ्याचं श्निट्झेल. इथे तर एकाच शब्दात दोन मधली पदं भरली गेली. पश्चिम जर्मनीत शिकारी म्हणजे रान, रान म्हणजे अळंबी, म्हणून मांसाच्या तुकड्यावर अळंबीचा रस्सा. पूर्व जर्मनीत ‘यागटवुर्स्ट’ म्हणजे शिकार-वुर्स्ट नावाच्या जाडजूड सॉसेजचा गोल काप ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळायचे, सोबत टोमॅटोचा सॉस आणि नूडल्स, आणि त्यालाच येगरश्निट्झेल म्हणायचे. 1990 मध्ये दोन्ही देश एक झाले, पण एका शब्दाचे हे दोन पदार्थ अजून वेगळेच आहेत. पूर्वेकडल्या उपाहारगृहात ते मागवणाऱ्या पाहुण्याला ताटात काय येईल हे आधी विचारावं लागतं.

ब्राटवुर्स्टचंही असंच झालं. ‘ब्राटाची वुर्स्ट’ हा विग्रह ज्यांना माहीत होता त्या पिढ्या गेल्या. ‘ब्राटो’ हे नाम सर्वसाधारण बोलण्यातून मागे पडलं, खाटीक आणि शिकारी यांच्यापुरतं उरलं. क्रियापद मात्र रोजच्या वापरात राहिलं. नव्या पिढीने शब्द ऐकला, समोर वुर्स्ट भाजताना पाहिली आणि मधलं पद आपल्या परीने भरलं: भाजून खायची वुर्स्ट. आजचा जर्मन माणूस हेच सांगेल, आणि आजच्या भाषेपुरतं त्याचं सांगणं चूक म्हणता येणार नाही. अर्थ बदलला आहे आणि तो बदल पक्का झाला आहे.

याला व्याकरणाचीही एक बाजू आहे. जुन्या जर्मनमध्ये नामाला नाम जोडणं ही समासाची मुख्य रीत होती. क्रियापदाचं मूळ पुढे लावून जोडशब्द करण्याची चाल फार थोडी होती. ती पुढे वाढली, आणि वाढली ती अशाच दुहेरी शब्दांतून. पहिलं पद नाम आहे की क्रियापद याची खात्री नसलेले शब्द लोक क्रियापदाचे म्हणून ऐकू लागले, मग त्या नमुन्यावर नवे शब्द घडले. ब्राटफाने म्हणजे परतायचा तवा, ब्राटकार्टोफेल्न म्हणजे परतलेले बटाटे, ब्राटाप्फेल म्हणजे भाजलेलं सफरचंद, या सगळ्यांतला ब्राट खरोखरच क्रियापदाचा. बटाट्यात मांस नसतंच. शिवाय तो शब्द जुना असूच शकत नाही. प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिश याला 1756 मध्येसुद्धा बटाट्याच्या लागवडीसाठी अधिकाऱ्यांना फर्मान काढावं लागलं होतं. म्हणजे एकाच ताटात शेजारी शेजारी वाढलेल्या ब्राटवुर्स्ट आणि ब्राटकार्टोफेल्न यांतले दोन ‘ब्राट’ दिसायला सारखे असले तरी मुळाने वेगळे आहेत.

हे सगळं शब्दकोशातलं झालं. पण ज्याला ताटातला पुरावा हवा असेल त्याने फ्रांकोनियाला जावं. बवेरियाच्या उत्तरेकडचा हा भाग, न्यूर्नबर्ग त्यातलं मोठं शहर. न्यूर्नबर्गची ब्राटवुर्स्ट बोटाएवढी: लांबी 7 ते 9 सेंटीमीटर, वजन 20 ते 25 ग्रॅम, मेंढीच्या बारीक आतड्यात भरलेली, मार्जोरम या पाल्याच्या वासाची. 2003 पासून तिला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. शहराबाहेर केलेल्या वुर्स्टला ते नाव लावता येत नाही. ही ब्राटवुर्स्ट बीचच्या लाकडावर भाजतात आणि तीन-तीन एका पावात घालून देतात. पण त्याच फ्रांकोनियात तिचा दुसरा एक पदार्थ घरोघर होतो, ‘झाउरे त्सिप्फेल’, म्हणजे आंबट टोकं. कांद्याच्या भरपूर चकत्या, व्हिनेगर, पाणी, थोडी पांढरी वाइन, तमालपत्राच्या जातीचं पान, लवंग, ज्युनिपरची फळं असं पाणी उकळायचं, आच कमी करायची आणि कच्च्या ब्राटवुर्स्ट त्यात सोडायच्या. पाणी खदखदू द्यायचं नाही, नाहीतर आतडं फाटतं. वीसेक मिनिटांत त्या शिजतात. व्हिनेगरमुळे त्यांच्यावर निळसर झाक येते, म्हणून त्यांना ‘ब्लाउए त्सिप्फेल’, निळी टोकं असंही म्हणतात. खोलगट ताटलीत कांदा आणि रस्सा यांसकट वाढतात, सोबत ब्रेड. या ताटलीत भाजल्याची खूण कुठेच नसते. तरी पाककृतीची पहिली ओळ ब्राटवुर्स्ट घ्या अशीच असते, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. ब्राट म्हणजे मांस हे धरलं तर विसंगती उरतच नाही.

उत्तरेला थुरिंगिया लागतं. तिथली ब्राटवुर्स्ट लांब, किमान 15 सेंटीमीटर, आणि तिचं पूर्ण नाव थ्युरिंगर रोस्टब्राटवुर्स्ट. रोस्ट म्हणजे लोखंडी जाळी. इंग्रजीतल्या ‘रोस्ट’ क्रियापदाचं मूळही याच जर्मानिक शब्दात आहे. भाजण्याची गोष्ट सांगण्यासाठी थुरिंगियाने जाळीला नावात आणून बसवलं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

या भागातल्या आर्नश्टाट गावात मध्ययुगात जोगिणींचा एक मठ होता. त्याच्या जमाखर्चाच्या पानांत 1404 सालची एक नोंद आहे: ब्राटवुर्स्टसाठी आतडी आणली, एक ग्रोशन. थुरिंगियातल्या ब्राटवुर्स्टचा हा सर्वांत जुना ज्ञात लेखी पुरावा मानतात, आणि त्यावर तिथल्या लोकांचं अपार प्रेम आहे. नोंदीतलं शब्दाचं रूप आहे ‘ब्रोटवुर्स्टिन’. हा ‘ब्रो’ पाहून आजचा वाचक फसू शकतो, कारण ब्रोट म्हणजे पाव, आणि थुरिंगियात ही वुर्स्ट आज पावात घालूनच हातात देतात. पण तो पाव नव्हे. मध्य जर्मनीच्या बोलींत लांब ‘आ’ गोल होऊन ‘ओ’कडे झुकत असे, लिहिणारीने किंवा लिहिणाऱ्याने जसा उच्चार तसं लिहिलं. ब्राटचा ब्रोट झाला, इतकंच. पण एवढ्यावरूनच कोणी पावाची व्युत्पत्ती उभी केली असती तर ती पटण्याजोगी दिसली असती, आणि तरीही खोटीच असती.

मला या नोंदीचं विशेष वाटतं ते तिच्या साधेपणामुळे. भाषेचा पुरावा ठेवण्यासाठी ती लिहिलेलीच नाही. पैशाचा हिशेब लागावा एवढाच हेतू. थुरिंगियातच पुढे 1432 मध्ये वायमारच्या खाटकांसाठी नियम झाला की वुर्स्टमध्ये चांगलं, न नासलेलं मांसच घालावं. मोडला तर 24 फेनिगांचा दंड. या नियमाची काळजी मांसाची आहे. ब्राटवुर्स्ट म्हणजे आत काय भरलं आहे त्याची हमी, ही जुनी समजूत त्यात अजून ओळखू येते.

शब्दाचं मूळ विसरून लोक जेव्हा आपल्या ओळखीच्या शब्दाशी त्याचं नातं जोडतात, त्याला जर्मनमध्ये ‘फोल्क्सएटिमोलोगी’ म्हणतात, मराठीत लोकव्युत्पत्ती. ही संज्ञा एर्न्स्ट फ्योर्स्टेमान याने 1852 मध्ये एका लेखात रूढ केली. हा माणूस थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. पेशाने ग्रंथपाल, जर्मन नावांचा मोठा कोश त्याने केला. पुढे ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात गेल्यावर तिथे ठेवलेली माया संस्कृतीची चित्रलिपीतली पोथी त्याच्या हाती आली, आणि तिच्यातली कालगणना त्याने उलगडली. गावातल्या लोकांनी शब्द कसे समजून घेतले आणि मध्य अमेरिकेतल्या पुरोहितांनी दिवस कसे मोजले, दोन्हींत त्याने तीच चिकाटी दाखवली: आपल्याला काय वाटतं ते बाजूला ठेवून खुणा काय सांगतात ते पाहायचं.

लोकव्युत्पत्ती आपल्यालाही नवी नाही. पाव हा शब्द पोर्तुगीज ‘पांव’पासून आला, गोव्यातून आणि वसईकडून तो आपल्या बोलण्यात रुजला, हे पक्कं आहे. तरी पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव, असं सांगणारी माणसं आजही भेटतात. ऐकीव, पण कानाला पटणारी गोष्ट. परक्या शब्दाला ओळखीचं मूळ मिळालं की तो परका राहत नाही. ब्राटवुर्स्टच्या बाबतीत तर आपलाच जुना शब्द परका झाला होता.

शब्दाने सरहद्द ओलांडली की ही ओढ आणखी उघड दिसते. झाउअरक्राउट म्हणजे आंबट पालाभाजी, मिठात आंबवलेला कोबी. झाउअर आंबट, क्राउट भाजी. आल्सासच्या बोलीत तो झाला ‘झ्यूरक्र्युट’, आणि फ्रेंचांनी ऐकला ‘शूक्रूट’. फ्रेंचमध्ये शू म्हणजे कोबी आणि क्रूट म्हणजे पावाचं कवच. म्हणजे जिथे मुळात आंबट होतं तिथे कोबी आला, आणि जिथे कोबी होता तिथे कवच. पदार्थात कवच कुठेच नाही. तरी शब्दाने फ्रेंच रूप घेतलं आणि आता तोच खरा.

लेबरकेझचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे, कारण तिथे मधलं पद भरायला सरकार उतरलं. लेबर म्हणजे यकृत, केझ म्हणजे चीज. बवेरियात हा पदार्थ घेतला तर त्यात दोन्ही नसतात. वर सांगितला तोच ब्रेट, मांस आणि चरबी यांचा घोटलेला गोळा, पावाच्या साच्यात भरून ओव्हनमध्ये वरून तपकिरी होईपर्यंत भाजतात. जाड काप काढून गोड मोहरीबरोबर गोल पावात देतात. केझ हे नाव त्याच्या चीजच्या विटेसारख्या घट्ट आकारावरून आलं यावर बहुतेकांचं एकमत आहे. लेबरबद्दल नाही. काहींच्या मते पूर्वी त्यात यकृत असे. काहींच्या मते मूळ शब्द ‘लाइब’, म्हणजे पावाचा लांबट गोळा, आणि त्याचा अपभ्रंश लेबर. मूळ काहीही असो, ग्राहकाला नाव वाचून यकृत अपेक्षित असणार, म्हणून जर्मनीच्या अन्नविषयक मार्गदर्शक नियमांत आज असं आहे: लेबरकेझ म्हणून विकायचा तर त्यात यकृत हवं, ‘बवेरियन लेबरकेझ’ला मात्र सूट. म्हणून बवेरियाबाहेर तोच पदार्थ बहुतेक दुकानांत ‘फ्लाइशकेझ’, म्हणजे मांस-चीज, या नावाने मिळतो. लोकांनी नावावरून वाचलेला विग्रह असा नियमाने खरा करून टाकला.

बवेरियात एक दंतकथा सांगतात की मानहाइमहून म्युनिकला आलेल्या कार्ल टेओडोर या राज्यकर्त्याच्या खाटकाने 1776 मध्ये हा पदार्थ केला. पण कार्ल टेओडोरकडे बवेरिया आलं तेच 1777च्या डिसेंबराच्या अखेरीला. त्यामुळे ही कथा मला विश्वसनीय वाटत नाही.

उलट ज्या जोडशब्दाचा जन्म आपल्या काळात झाला त्याचं मधलं पद अजून सांगता येतं. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागात कांटश्ट्रासेच्या कोपऱ्यावर हेर्टा हॉइवर नावाच्या बाईंची टपरी होती. 4 सप्टेंबर 1949 रोजी त्यांनी वुर्स्टचे तुकडे करून त्यावर टोमॅटो आणि करी पावडर यांचा सॉस घातला, असं त्या सांगत, आणि त्या जागी आता पाटी आहे. करीवुर्स्ट म्हणजे करी पावडर घातलेला सॉस ओतलेली वुर्स्ट. युद्धानंतरच्या उपाशी शहरात, ब्रिटिश छावणीच्या शेजारात हा मसाला सापडण्यासारखा होता. त्या ‘करी’चा प्रवास आपल्या किनाऱ्यावरून गेला आहे. मूळ द्राविडी ‘कारि’, पोर्तुगिजांच्या तोंडी ‘कारील’. गार्सिया द ऑर्ता या वैद्याच्या 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या पुस्तकात तो सापडतो. पुढे इंग्रजीतून जर्मनमध्ये पोचला. हेर्टाबाईंची तारीख आपल्याला ठाऊक आहे, म्हणून करीवुर्स्टच्या विग्रहावर वाद नाही. आणखी पाचशे वर्षांनी कोणी तो कसा फोडेल हे त्या वेळी करी शब्द कोणत्या अर्थाने उरला आहे त्यावर ठरेल.

आपल्याकडे कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ 1946 साली निघाला. त्याचे उपकार मोठे आहेत. पण पदार्थांच्या नावांचा पुरावा मोठ्या ग्रंथांत कमी आणि घरात जास्त असतो: लग्नाच्या याद्यांत, वाण्याच्या खात्यांत, देवस्थानाच्या नैवेद्याच्या हिशेबांत, आजीने वहीच्या मागच्या पानावर लिहिलेल्या मापांत. जर्मनांना आपल्या वुर्स्टचं जुनं रूप एका मठाच्या एका ओळीत सापडलं. तुमच्या माळ्यावर अशी एखादी वही असेल तर ती रद्दीत घालू नका. तिच्यातले न कळणारे पदार्थांचे शब्द कोणाला तरी विचारा, आणि ज्याला अजून त्यांचा विग्रह सांगता येतो त्याच्याकडून तो तारखेसकट लिहून घ्या.